राणीची बाग: तिकीट प्राण्यांचे, सावली झाडांची

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी बसलेल्या राणीच्या बागेचे, प्रौढांचे तिकीट २०१७ मध्ये ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. या दहापट वाढीवर तेव्हा बरीच ओरड झाली, पुढे ती विरून गेली, आणि सुटीच्या दिवशी खिडकीसमोरची रांग काही तोकडी झालेली दिसत नाही. या पैशांत काय मिळते, असे रांगेतल्या कोणालाही विचारावे, उत्तर एकच येईल: पेंग्विन आणि वाघ. उत्तर चुकीचे नाही. मात्र ही बाग मुळात वनस्पतींची आहे, तिची श्रीमंती आजही झाडांतच आहे, आणि तिकिटातला सर्वांत मोलाचा भाग तिकीट काढणाऱ्याच्या नजरेस आणून देण्याची तसदी बागेची आजची रचना घेत नाही. हे परीक्षण मुख्यतः त्या रचनेचे आहे. ज्यांना जावे की जाऊ नये एवढेच हवे आहे, त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो: अवश्य जावे, पण रविवारी जाऊ नये.

या जागेवर कोणाकोणाचा दावा आहे, हे समजल्याशिवाय आजची रचना अशी का झाली ते कळत नाही. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमी झाली, आणि संस्थेने माझगावच्या माउंट इस्टेटवर नव्याने बाग उभारली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ लोकांसाठी खुली झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे त्या काळी बाग आणि तिच्या आवारातले वस्तुसंग्रहालय या दोन्ही उद्योगांत होती, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते वनस्पतींचा अभ्यास व्हावा, परदेशी झाडे इथल्या हवेत तगतात का ते पाहावे आणि गावाला फिरायला एक नीटस जागा मिळावी, असे. संस्थेला खर्च झेपेना, तेव्हा १८७३ मध्ये बाग महापालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचे: १८९० मध्ये सुमारे १५ एकर जागा जोडून घेऊन ते वसवण्यात आले. म्हणजे आज ज्याला आपण बागेचा मालक समजतो, तो प्राणिसंग्रह प्रत्यक्षात २८ वर्षांनी आलेला पोटभाडेकरू आहे.

पुढच्या काळात शहराने या बागेचा उपयोग घरातल्या पोटमाळ्यासारखा केला. जे खाली मावेना किंवा डोळ्यांसमोर नको झाले, ते वर टाकावे, तसे इथे येत गेले. घारापुरीला तिचे इंग्रजी नाव ज्याच्यावरून पडले, तो दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. (बागेतला हा एकच हत्ती असा आहे की ज्याच्यासाठी कोणत्याही प्राधिकरणाच्या परवानगीची गरज नाही.) सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे प्रसिद्ध काळा घोडा, १९६५ मध्ये फोर्टमधून हलवून याच आवारात आणला गेला. संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, उतरवलेले लाटसाहेब, शाळांच्या सहली, आणि आता शीतगृहात राहणारे पक्षी: सुमारे ५० एकरांत हे सगळे आहे, आणि झाडेही तीन हजारांच्या घरात आहेत. मुंबईत माणशी मोकळी जागा साधारण सव्वा चौरस मीटर पडते, असे महापालिकेच्या विकास आराखड्याच्या चर्चेत वारंवार सांगितले गेले. इतकी कमी जागा असलेल्या शहरात ५० एकर एका कुंपणात सापडले, की त्यावर प्रत्येकाचा डोळा जाणारच.

खरी कसोटी २००७ नंतर लागली. महापालिकेने राणीच्या बागेचे आंतरराष्ट्रीय दर्जाचे प्राणिसंग्रहालय करायचे ठरवले, जागतिक पातळीवर निविदा मागवल्या आणि थायलंडच्या एका सल्लागार कंपनीकडून आराखडा करून घेतला. खर्चाचा अंदाज चारशे कोटींच्या वर गेला. या खटाटोपामागे फक्त हौस होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १९९२ नंतर जे नियम घालून दिले, त्यांत बसायचे तर लोखंडी गजांचे अरुंद पिंजरे काढणे भागच होते. ज्यांनी ते जुने पिंजरे पाहिले आहेत, त्यांना प्राणी त्या सिमेंटच्या फरशीवर एकाच रेषेत येरझारा घालत असत, हे आठवत असेल. अशा अवस्थेत प्राणिसंग्रहालय ठेवण्यापेक्षा ते बंदच करा, असे प्राणिप्रेमी म्हणत होते. गिरणगावातली आणि आसपासची कुटुंबे म्हणत होती की मुलांना वाघ दाखवायला आम्ही जायचे तरी कुठे? आणि तिसरीकडे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, वास्तुवारसा जपणारे आणि रोज फिरायला येणारे नागरिक एकत्र येऊन विचारत होते की मोठमोठी आवारे बांधायची तर जागा कोठून आणणार, आणि त्या जागेवर आज जी शंभर वर्षांची झाडे आहेत त्यांचे काय?

यांतली कोणतीही बाजू खोटी नव्हती, म्हणूनच हा वाद वाचण्यासारखा आहे. बागेला वारशाचा दर्जा असल्यामुळे प्रश्न मुंबईच्या वारसा संवर्धन समितीपुढे गेला, तिच्या आक्षेपांनंतर मूळ अवाढव्य आराखडा मागे पडला आणि पुष्कळ आटोपशीर अशी योजना पुढे आली. आज आपण जे पाहतो ते त्या तडजोडीचे फळ आहे. बाग वाचली, हे त्या नागरिकांचे श्रेय. पिंजरे गेले, हे महापालिकेचे. तडजोडीत जे दोन्हीकडून राहून गेले, त्याकडे पुढे येतो. आधी जे झाले त्याचे मोल ठरवू.

पेंग्विनचे दालन २०१७ च्या मार्चमध्ये सुरू झाले. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि त्यावरून बरेच राजकारण झाले. पुढे त्यांची वीण वाढली. हे पेंग्विन बर्फातले नव्हेत. पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्याला लागून जो थंड सागरी प्रवाह वाहतो, त्याच्या काठचे ते रहिवासी. त्यांना गारठा लागतो तो पाण्याचा आणि हवेचा, साधारण १६ ते १८ अंशांचा, आणि मुंबईच्या मे महिन्यात तो राखायचा म्हणजे यंत्रणा अहोरात्र चालवावी लागते. २०२१ मध्ये तीन वर्षांच्या देखभालीसाठी सुमारे १५ कोटींची निविदा निघाली, तेव्हा हा खर्च पुन्हा चर्चेत आला. पेंग्विनमुळे येणारे लोक आणि तिकिटाचे उत्पन्न कितीतरी वाढले, असे महापालिकेचे उत्तर होते.

दालन म्हणून ते चांगले बांधले आहे, हे मान्य करावे लागेल. आतला अंधार, एका बाजूने पुढे सरकत राहणारी रांग, आणि मग ती उंच काच. पाण्याची पातळी काचेच्या मधोमध येईल अशी आखलेली असल्यामुळे खडकावर डुलत चालणारा, काहीसा बावळट दिसणारा पक्षी पाण्यात सूर मारतो आणि त्याच क्षणी पाण्याखाली बाणासारखा जाताना दिसतो. लहान मुले तळवे काचेला लावतात, गार लागले की हात मागे घेतात आणि पुन्हा लावतात. मोठी माणसे हे सगळे मोबाइलच्या पडद्यातून पाहतात. पाहायला मिळणारा वेळ मात्र थोडा, कारण मागची रांग थांबत नाही. पाच-सात मिनिटांच्या दर्शनासाठी गर्दीच्या दिवशी तासभर उभे राहणे हे पंढरीच्या वारकऱ्याला चालेल. चार वर्षांच्या मुलाला चालत नाही.

वाघांच्या बाबतीत रचना अधिक समाधानकारक आहे. २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही जोडी आली, आणि त्यांच्यासाठी माती, पाणी, झुडपे आणि आडोसा असलेले आवार करण्यात आले. आडोशाचे महत्त्व प्रेक्षकांना कळत नाही. वाघ दिसला नाही की लोक चिडतात, काचेवर टकटक करतात, ‘पैसे फुकट गेले’ म्हणतात. प्रत्यक्षात वाघाला माणसांच्या नजरेआड जाता येणे, हीच नव्या आवाराची जुन्या पिंजऱ्यापेक्षा मोठी सुधारणा आहे. प्रेक्षकाचे हित आणि प्राण्याचे हित इथे सरळ आमनेसामने येतात, आणि आखणी करणाऱ्याने एकदा तरी प्राण्याच्या बाजूने कौल दिला, याबद्दल त्याला पूर्ण गुण.

पक्ष्यांचे नवे दालन आत शिरून चालण्याजोगे आहे. उंच जाळीखाली झाडे, पाणी आणि डोक्यावरून उडणारे पक्षी असा तो प्रकार आहे आणि मुलांना तो आवडतोच. तेथून बाहेर पडल्यावर मान वर करावी. जुन्या झाडांवर पोपटांचे थवे, घारी आणि उलटी टांगलेली वटवाघळे असतात. त्यांचे नाव कोणत्याही नकाशावर नाही आणि त्यांच्या देखभालीची निविदाही कधी निघत नाही.

आता झाडांकडे. बागेत कृष्णवड आहे. वडाचाच हा एक प्रकार, पण पान हातात घेतले की फरक लगेच समजतो: देठाकडची पानाची दोन्ही अंगे मागे वळून एकमेकींना जुळलेली असतात आणि तिथे अंगठा जाईल एवढा खिसा तयार झालेला असतो. पाऊस पडून गेल्यावर त्यात थोडे पाणी साचते. कृष्णाने चोरलेले लोणी लपवायला पान असे दुमडले, ही कथा प्रसिद्ध आहे. लहान मुलाला पान दाखवून ती सांगितली की ते मूल पुढचा अर्धा तास खाली पडलेली पाने उचलून खिसे शोधत बसते. मला वाटते, या बागेत याहून स्वस्त आणि टिकाऊ करमणूक दुसरी नाही.

उर्वशीचे झाड हे बागेचे खरे वैभव. मूळचे ब्रह्मदेशातले, लाल, खाली लोंबणारे झुबके, आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. या झाडाला बी क्वचितच धरते, त्यामुळे त्याची रोपे बहुधा गुटी बांधूनच, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळे फुटवून, करावी लागतात, आणि म्हणून ते शहरात चार ठिकाणी सहज दिसणारे झाड नाही. हिवाळ्याच्या अखेरीस गेलात आणि ते फुललेले सापडले, तर पेंग्विनची रांग सोडून तिकडे जावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कैलासपतीला फुले फांदीच्या टोकाला न येता थेट बुंध्यावर येतात, खालून वरपर्यंत, आणि त्याच बुंध्यावर तोफेच्या गोळ्यांएवढी फळे लटकत असतात. हे झाड दक्षिण अमेरिकेतले असूनही फुलातल्या आकृतीत आपल्याला पिंडी आणि नाग दिसला, आणि ते महादेवाचे झाले. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे, तिचे खोड कवेत घ्यायला एका घरची माणसे पुरणार नाहीत. सीता-अशोक आहे, सोसायट्यांच्या कुंपणाला लागून उंच सरळ वाढणाऱ्या आसुपालवालाच अशोक समजणाऱ्यांनी तो मुद्दाम पाहावा.

या झाडांपुढे नावांच्या पाट्या आढळतात, पण प्राण्याच्या आवारासमोर जेवढा मजकूर आणि जेवढी चित्रे असतात तेवढी झाडाच्या वाट्याला येत नाहीत. प्रवेशद्वारापासून पावले आपोआप वळतात ती प्राण्यांच्या दालनांकडे, कारण वाटांची आखणीच तशी आहे: रुंद वाट दालनाकडे जाते, बाण दालनाचा असतो, बसायची जागा दालनाच्या बाहेर असते. झाडांची अशी सलग फेरी, म्हणजे ‘इथून निघा, ही वीस झाडे पाहा, तासाभरात इथे परत या’, अशी ठळकपणे आखली तर तिला पिंजरा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि निविदाही किरकोळ लागते. कदाचित म्हणूनच ती मागे पडत असावी. फीत कापण्याजोगे तिच्यात काही नाही. दरवर्षी महापालिकेचे फुलाफळांचे प्रदर्शन इथे भरते, तेव्हा फुलांनी मढवलेल्या प्रतिकृतींसमोर फोटो काढायला झुंबड उडते आणि त्यांच्या पाठीमागे शतकभर उभे असलेले झाड फोटोत पार्श्वभूमी म्हणून येते. प्रदर्शनाला माझा विरोध नाही. त्याच निमित्ताने त्या झाडाची ओळख करून देणारी एखादी कमान उभारता येईल, एवढेच म्हणणे आहे.

पण पाट्यांपेक्षा गंभीर प्रश्न जमिनीखालचा आहे, आणि सार्वजनिक बागांच्या आखणीतला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा तोच. मोठ्या झाडाचे अन्नपाणी ओढणारी बारीक मुळे खोलवर नसतात. ती वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. या थराला हवा लागते. त्यावर जड यंत्र फिरले की माती दबते, काँक्रीट पडले की पाणी मुरत नाही, बुंध्याशी भराव टाकला की साल कुजू लागते. झाड तोडले तर निदान दिसते, वृक्ष प्राधिकरणाकडे हरकत घेता येते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मुळे गुदमरली तर झाड लगेच मरत नाही. चार-पाच वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते आणि एखाद्या पावसाळ्यात कोसळते. तोवर काम करणारा कंत्राटदारही गेलेला असतो आणि परवानगी देणारा अधिकारीही बदललेला असतो.

आता या बागेवर दावा सांगणारे एकेक करून पाहा. सकाळी फिरायला येणाऱ्यांना पाय न मुरगळणारी, पावसाळ्यात चिखल न होणारी वाट हवी असते. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्याला उतरता रस्ता हवा. बाबागाडीला तोच हवा. शाळांच्या सहलींना प्रसाधनगृहे आणि पिण्याचे पाणी हवे. प्राण्यांना मोठे आवार, खंदक, रात्रीचा निवारा आणि दवाखाना हवा. देखभालीच्या गाडीला आतपर्यंत पोचायला वाट हवी. यांतली एकही मागणी अवास्तव नाही, कोणाच्याही तोंडावर ‘नाही’ म्हणता येणार नाही. आणि यांतली प्रत्येक मागणी शेवटी खोदकाम आणि सिमेंट यांच्या रूपानेच पुरी होते. हितसंबंधांचा झगडा म्हटला की आपल्याला एक दुष्ट बिल्डर आणि एक सज्जन नागरिक आठवतो. राणीच्या बागेत तसे नाही. इथे सगळेच सज्जन आहेत आणि सगळ्यांच्या सोयीचा भार त्या हात-दीड हात मातीवर पडतो.

तिकिटाची रचना हाही आखणीचाच भाग आहे, कारण कोण आत येते ते त्यावर ठरते. २०१७ च्या दरांत प्रौढांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये असा हिशोब आहे. चौघांना शंभर म्हणजे खरोखर स्वस्त. मॉलमध्ये एवढ्यात एक कॉफीही येत नाही. परंतु ‘कुटुंब’ म्हणजे चौघे, ही व्याख्या ज्याने ठरवली त्याने लालबाग-परळच्या चाळीतले कुटुंब सुटीला बाहेर पडताना पाहिलेले नसावे. त्यात आत्या असते, गावाहून आलेला काका असतो, तिसरे मूल असते आणि शेजारच्यांचा बंड्या असतोच असतो. शंभराचा हिशोब मग बघता बघता अडीचशेवर जातो. नेमके हेच कुटुंब या बागेचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक आहे. सहा-सात जणांसाठी एखादा गटाचा दर ठेवला तर उत्पन्नाला मोठी खोट बसेल असे वाटत नाही.

सकाळी फिरायला येणाऱ्यांचा मासिक पास त्याच वेळी १५० रुपयांचा झाला. महिन्याला दीडशे म्हणजे दिवसाला पाच, आणि एवढ्या दाट सावलीत चालण्याची किंमत म्हणून ती मला योग्य वाटते. या मंडळींकडे थोडे चेष्टेने पाहण्याची आपली पद्धत आहे, पांढरे बूट आणि मोठ्याने हसण्याचे मंडळ वगैरे. मात्र बागेच्या वादांत झाडांच्या बाजूने सर्वांत सातत्याने बोलणारी माणसे रोज येणाऱ्यांतूनच निघाली. वर्षातून एकदा पेंग्विन पाहायला येणाऱ्याला फांदी कधी तुटली ते कळणार नाही. रोज तिच्याखालून जाणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी कळते. म्हणून बागेच्या कारभारात पासधारकांचा एखादा प्रतिनिधी असावा, ही मागणी मला रास्त वाटते.

गर्दीबद्दल एक आकडा पुरेसा आहे: १ जानेवारी २०२३ या एका दिवशी ३२ हजारांहून अधिक लोक इथे आले. रविवारची सुटी आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस असा योग होता, हे खरे, तरी एवढी माणसे ५० एकरांत म्हणजे एकरी सहाशेच्या वर. विक्रम म्हणून ती बातमी कौतुकाने छापून आली. नाट्यगृहाला किंवा बसला आसनसंख्या असते, बागेला ती असावी असे आपल्याला कधी सुचत नाही. आत किती माणसे मावतात यापेक्षा आत किती माणसे असताना बाग बाग राहते, हा प्रश्न विचारून दिवसाची मर्यादा आखणे हे कोणत्याही नव्या दालनापेक्षा मोठे काम ठरेल. ऑनलाइन तिकिटे आल्यामुळे ते अवघडही राहिलेले नाही.

आवारातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे तिकीट वेगळे काढावे लागते. १८७२ मध्ये सुरू झालेली ही वास्तू जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये पुन्हा उघडली, तिच्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे, आणि तिचा हिरवा-सोनेरी अंतर्भाग पाहिला की पुरस्कार का मिळाला हे विचारावे लागत नाही. तिची सविस्तर ओळख स्वतंत्रपणेच व्हावी. इथे एवढेच नोंदवतो की वास्तू जशी होती तशी परत मिळवण्यासाठी तिथे जेवढी चिकाटी दाखवली गेली, तेवढी झाडांच्या मातीसाठी दाखवली, तर या बागेबद्दल माझे निम्मे म्हणणे संपेल.

एकंदर हिशोब मांडायचा तर प्राण्यांच्या नव्या आवारांना मी पाचपैकी चार गुण देईन, पेंग्विनच्या दालनाला बांधणीसाठी चार आणि तिथल्या रांगेसाठी दोन, झाडांना पाच आणि झाडे दाखवण्याच्या व्यवस्थेला दोन. तिकिटाच्या मोलाबद्दल तक्रार नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. भायखळा स्थानकावर पूर्वेला उतरल्यास बाग पायी दहा मिनिटांच्या आत आहे; गाडी आणण्याचा मोह टाळावा. खिडकी उघडल्या उघडल्या, म्हणजे साडेनऊच्या सुमारास पोचलात तर पेंग्विन आधी उरकून घ्यावेत, कारण अकरानंतर रांग वाढते. त्यानंतर वाघ पाहावा, आणि तो दिसला नाही तर वाट पाहत न थांबता झाडांकडे वळावे. उन्हाच्या वेळी झाडांत असणे हा हिशोब मुद्दाम असा लावला आहे. एखादे वृक्षओळखीचे पुस्तक किंवा जाणता माणूस बरोबर असेल तर उत्तम. दोन्ही नसेल तर निदान खोडावरची पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. परतीच्या वाटेवर संग्रहालयालगतचा घारापुरीचा हत्ती पाहायचा राहून जातो, तो लक्षात ठेवावा. बुधवारी बाग बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर ती उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद.